रोल आणि रेंजफाइंडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेंजफाइंडर म्हणजे नेमका कसला कॅमेरा?

ज्यात तुम्ही लेन्समधून बघत नाही, तो. कॅमेऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात वेगळी खिडकी असते, बघायचं तिच्यातून. या खिडकीच्या मधोमध एक छोटा पिवळसर चौकोन किंवा गोल दिसतो. त्याला सगळे पॅच म्हणतात. त्या पॅचमध्ये समोरच्याच दृश्याची दुसरी, फिकट प्रतिमा असते. ती शेजारच्या लहान खिडकीतून आरशांवरून आत आलेली असते. लेन्सची रिंग फिरवली की फिकट प्रतिमा डावी-उजवीकडे सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की फोकस झाला. समोर चष्मा घातलेला माणूस असेल तर चष्म्याची उभी कड पकडायची. दोन काड्यांची एक झाली की शटर दाबायचं.

अंतर मोजण्याची ही युक्ती त्रिकोणाची आहे. दोन खिडक्या एकमेकींपासून जितक्या लांब, तितकं मोजमाप अचूक.

एसएलआर (आरशातून थेट लेन्समधलं दृश्य दाखवणारा कॅमेरा) असताना याची गरज काय?

गरज नाही, मजा आहे. एसएलआरमध्ये शटर दाबताना आरसा वर उडतो आणि नेमक्या त्या क्षणी तुमच्या डोळ्यांपुढे अंधार येतो. इथे असा उडणारा आरसाच नाही, त्यामुळे फोटो निघतानाचा चेहराही तुम्हाला दिसत असतो. पापणी मिटली का, हे तिथेच कळतं. आवाज कमी, हादरा कमी. हात स्थिर असेल तर १/१५ सेकंदालाही धड फोटो मिळतो.

पण माझ्या लेखी खरा फायदा वेगळा आहे. बऱ्याच रेंजफाइंडरमध्ये फोटोची चौकट म्हणजे खिडकीतली एक उजळ रेघ असते आणि त्या रेघेच्या बाहेरचंही थोडं दिसतं. चौकटीत डावीकडून सायकलवाला शिरणार आहे हे तो शिरण्याआधी दिसतं. शिवाय खिडकीत जवळचं-लांबचं सगळं सारखंच स्पष्ट असतं, धूसर पार्श्वभूमीची भुरळ पडत नाही. त्यामुळे माणूस आधी ठरवतो आणि मग कॅमेरा डोळ्याला लावतो. ज्यांना हे उलट क्रमाने करायला आवडतं त्यांनी खुशाल एसएलआर वापरावा.

याने काय जमत नाही?

पक्षी, फुलातली मुंगी, क्रिकेटचा सामना. जवळात जवळचा फोकस बहुतेकांचा ०.७ ते १ मीटर आणि लांब पल्ल्याची लेन्स १३५ मिमीपाशी संपते, तीही कष्टाने.

लायकाच घ्यावा लागतो का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

लायकाचा मान मोठा आहे यात वाद नाही. लाइट्झ या जर्मन कंपनीतल्या ऑस्कर बार्नाकने बनवलेल्या छोट्या ३५ मिमी कॅमेऱ्याची विक्री १९२५ मध्ये सुरू झाली. १९३२ च्या लायका २ मध्ये रेंजफाइंडर थेट लेन्सच्या रिंगेला जोडला गेला. त्याच वर्षी झाइस इकॉनचा कॉन्टॅक्स आला आणि दोन जर्मन कंपन्यांची खरी जुंपली. १९५४ चा एम३ मात्र वेगळ्याच पातळीवरचा. बघायची आणि फोकसची खिडकी एकच, लेन्स थ्रेडऐवजी एका झटक्यात बसणारी, आणि खिडकीतलं दृश्य जवळपास डोळ्याला दिसतं तेवढंच मोठं. दुसरा डोळा उघडा ठेवला तरी चालतं. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ १९४८ च्या जानेवारीत दिल्लीत गांधीजींना भेटला, त्यांच्या हत्येनंतरची अंत्ययात्रा त्याने टिपली, ती लायकावरच. त्याचं बहुतेक काम एकाच ५० मिमी लेन्सचं आहे.

या सगळ्याची किंमत आज लायकावर लागलेली असते. एम३ किंवा उजेड मोजणारं मीटर असलेला १९८४ चा एम६ घ्यायला जे पैसे लागतात, त्यात साधा जपानी कॅमेरा, त्याची सर्व्हिसिंग आणि भरपूर रोल एवढं सगळं येतं. पहिल्या वर्षात तुमचे फोटो सुधारतील ते रोलांमुळे. लायका कपाटात शोभतो हे खरं, पण कपाटात शोभायला तांब्याचा बंबही शोभतो.

मग पहिला कोणता?

लेन्स न बदलता येणारा, साठ-सत्तरच्या दशकातला जपानी. माझी पसंती या क्रमाने:

कॅनन कॅननेट क्यूएल१७ जी-३ (१९७२). ४० मिमी एफ १.७ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत), आटोपशीर आकार. बॅटरी संपली तरी मीटर सोडून सगळं चालतं. रोल भरायची पद्धतही सोपी: फिल्मचं टोक खुणेपर्यंत ओढायचं, झाकण लावायचं, झालं.

याशिका इलेक्ट्रो ३५ (१९६६ पासून पुढची मॉडेलं). अंगाने दांडगा, ४५ मिमी एफ १.७ लेन्स मात्र गोड. तुम्ही अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. वर दोन दिवे आहेत: पिवळा लागला तर उजेड कमी, हात स्थिर ठेवा, लाल लागला तर उजेड जास्त, अॅपर्चर बारीक करा. बॅटरीशिवाय हा फक्त १/५०० ला चालतो, म्हणजे उन्हापुरताच. घरातल्या जुन्या पेटीत कॅमेरा सापडला तर तो बऱ्याचदा हाच असतो.

ऑलिंपस ३५ आरसी (१९७०). खिशात मावतो. वेग आणि अॅपर्चर दोन्ही खिडकीत दिसतात. लेन्स एफ २.८, म्हणजे कमी उजेडात जरा मागे.

मिनोल्टा हाय-मॅटिक ७एस (१९६६). चांगला आणि बऱ्याचदा स्वस्त. त्याच्या थोरल्या भावाची गंमत अशी, की १९६२ मध्ये अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला गेला तेव्हा दुकानातून विकत घेतलेला एक साधा कॅमेरा घेऊन गेला होता. त्यावर नाव अन्स्को या अमेरिकन कंपनीचं होतं, पण तो मुळात मिनोल्टाचा हाय-मॅटिक. हातमोजे घालून चालवता यावा म्हणून तो उलटा करून त्याला मूठ बसवली होती.

सोव्हिएत कॅमेरे फार स्वस्त दिसतात. घ्यावेत का?

हौस असेल तर जरूर. घाई असेल तर नको.

फेड हा खारकिव्हचा, १९३४ पासूनचा; झोर्की मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा, १९४८ पासूनचा. दोन्हींचं मूळ लायका २. कियेव्हची कथा निराळी: युद्धभरपाईत जर्मनीहून कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात गेली आणि १९४७ पासून तिच्यावर हा कॅमेरा निघू लागला. त्याच्या दोन खिडक्यांत तब्बल ९० मिमी अंतर आहे, त्यामुळे फोकस फार अचूक. पण नेहमीसारखा धरला तर उजव्या हाताचं बोट बरोबर दुसऱ्या खिडकीवर येतं आणि पॅच गायब होतो. बोटं दुमडून धरायची सवय लावावी लागते.

झोर्की आणि फेडचा एक नियम पाठच करा: आधी चावी द्यायची (म्हणजे फिल्म पुढे ओढून शटर ताणायचं), मग शटरचा वेग बदलायचा. न चावी देता डायल फिरवली तर आतली यंत्रणा बिघडू शकते, आणि मग दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्यापेक्षा जास्त.

यांच्यावरची ज्युपिटर-८ ही ५० मिमी एफ २ लेन्स झाइसच्या 'सोनार' नावाच्या लेन्सवर बेतलेली आहे आणि तिच्यासाठी तरी एक झोर्की-४ घ्यावा असं माझं मत. सोनेरी रंगाचा, गरुड किंवा ऑलिंपिकची कडी कोरलेला 'जर्मन लायका' कुणी स्वस्तात देत असेल तर तो फेड किंवा झोर्कीच आहे असं समजा.

चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कॅमेरा दिसला. काय तपासू?

विकणाऱ्याला 'चालू आहे का' विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं. त्यापेक्षा हे बघा.

खिडकीतून पॅच दिसतो का? फिकट पडला असेल तर काच कळकटली आहे किंवा आरशाचा थर उडाला आहे. पहिली गोष्ट साफ होते, दुसरी महागात पडते. दिसत असेल तर लांबचा मोबाइल टॉवर किंवा इमारतीची कड बघा आणि लेन्स अनंतावर (रिंगेवरच्या ∞ खुणेवर) न्या. दोन प्रतिमा जुळल्या पाहिजेत. आडव्या सरकलेल्या असतील तर कारागीर स्क्रू फिरवून सहज जुळवतो. एक वर, एक खाली दिसत असेल तर काम थोडं जास्त.

मागचं झाकण उघडा. शटर १ सेकंदावर ठेवा, दाबा आणि कान द्या. मंद वेगांना गिअरची कुरकुर ऐकू येते, ती मध्येच अडखळली तर तेल सुकलंय. लेन्समधल्या पात्यांच्या शटरमध्ये पाती तेलकट दिसता कामा नयेत. तेलाने ती चिकटतात.

कापडी शटर असेल, म्हणजे लायका, फेड, झोर्की, तर लेन्स काढून कॅमेरा आकाशाकडे धरा आणि मागून पडद्याकडे बघा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर पडदा भाजलेला आहे. या कॅमेऱ्यांत लेन्समागे आरसा नसल्याने लेन्स थेट पडद्यावर सूर्य एकवटते, आणि लेन्सचं झाकण न लावता कॅमेरा उन्हात टेबलावर ठेवला तर कापडाला भोक पडतं. एसएलआरवाल्यांना हे माहीतच नसतं.

लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाठवा. जाळ्यासारखे पांढरे धागे म्हणजे बुरशी. कडेला थोडी असेल तर भाव पाडून घ्या. मध्यभागी असेल तर सोडून द्या.

याशिका इलेक्ट्रोसाठी खास चाचणी: चावीचा दांडा फिरवताना आतून एक 'टक्' ऐकू यायला हवा. येत नसेल तर आतला छोटा रबरी पॅड गळून गेलेला असतो आणि शटरचे वेग भरवशाचे राहत नाहीत. बदलता येतो, पण वरचं कव्हर उघडावं लागतं.

आणि बॅटरीचा कप्पा. हिरवा-पांढरा थर असेल तर जुना सेल गळलेला आहे. व्हिनेगरचा बोळा आणि टूथब्रशने बऱ्याचदा साफ होतो. वायर मात्र आत सडलेली असू शकते.

जुनी बॅटरी मिळतच नाही. आता?

त्या काळचे सेल पाऱ्याचे होते. पाऱ्यावर बंदी आल्यावर ते बाजारातून गेले. कॅननेटसारख्या कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टचा ६२५ सेल लागे. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन बसतो, पण मीटर चुकतं आणि सेल उतरत जाईल तसं वेगळंच चुकतं. सोपा उपाय म्हणजे कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल: १.४ व्होल्ट, शेवटपर्यंत स्थिर. व्यासाने लहान असतो, म्हणून भोवती रबरी वायसर घालायचा. चिकटपट्टी काढली की महिना-दोन महिन्यांत संपतो, पण स्वस्त आहे आणि श्रवणयंत्रांच्या दुकानात पाकिटाने मिळतो.

याशिकाचा मूळ सेल ५.६ व्होल्टचा. तिथे ६ व्होल्टचा ४एलआर४४ बिनदिक्कत चालतो. आकाराने बारीक आहे, म्हणून कागदाची गुंडाळी आणि एक स्प्रिंग.

मीटर मेलेलंच आहे. फोटो काढता येतील?

हो, आणि उलट लवकर शिकाल. लख्ख उन्हात अॅपर्चर एफ १६, शटरचा वेग रोलच्या आयएसओएवढा (आयएसओ म्हणजे रोल उजेडाला किती संवेदनशील, त्याचा डबीवरचा आकडा). २०० चा रोल असेल तर १/२५०, ४०० चा असेल तर १/५००. हलके ढग, सावल्या पुसट: एफ ११. भरून आलेलं पण उजेड आहे: एफ ८. इमारतीच्या सावलीत: एफ ४ ते ५.६. जुलैतल्या कोकणातल्या दुपारी एफ ४ पासूनच सुरुवात करा. तो उजेड डोळ्याला वाटतो त्यापेक्षा खूप कमी असतो. समुद्राच्या वाळूवर मात्र एक पायरी बारीक, म्हणजे एफ २२.

शंका आली तर जास्त उजेड द्या. निगेटिव्ह रोल जास्तीचा उजेड सहन करतो, कमी उजेड नाही. स्लाइडच्या रोलचं याच्या बरोबर उलट.

एक अडचण लक्षात ठेवा. याशिका, कॅननेटचा कमाल वेग १/५००. मे महिन्यात ४०० चा रोल भरलात तर सारखं एफ १६ वर अडकाल. उन्हाळ्यात १०० किंवा २०० चा रोल बरा.

फोकस करेपर्यंत प्रसंग निघून जातो.

मग फोकस करू नका. आषाढीच्या पालखीत पॅच जुळवत बसलात तर दिंडी पुढे जाईल. ३५ मिमी लेन्स, एफ ८, रिंग ५ मीटरवर: साधारण अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. ४५ मिमीला एफ ११ आणि ६ मीटर ठेवलं तर ३ मीटरपासून पुढे. जवळून काढायचं असेल तर रिंग अडीच मीटरवर ठेवा आणि पायांनी अंतर सांभाळा. टाळकरी, मृदंगवाला, डोक्यावर तुळस घेतलेली बाई, सगळे याच टप्प्यात येतात.

रिंगेला खाली दांडी असेल तर तिची जागा बोटाला पाठ होऊ द्या. दांडी सरळ खाली आली की किती मीटर, हे एकदा बघून ठेवलं की कॅमेरा छातीशी असतानाच फोकस तयार असतो.

संध्याकाळी मात्र पॅचवरच विसंबा. दिवाळीच्या पणत्यांच्या उजेडात, जिथे जुने एसएलआर चाचपडतात, तिथे दोन ज्योतींची एक करणं फार सोपं असतं.

जवळून काढलेल्या फोटोत डोकी का कापली जातात?

खिडकी लेन्सच्या वर आणि बाजूला आहे, म्हणून. लांबच्या दृश्यात फरक पडत नाही, एक मीटरवर पडतो. याशिका आणि कॅननेटमध्ये फोकस करताना चौकटीची रेघ आपोआप खाली सरकते. काही साध्या कॅमेऱ्यांत फक्त खुणा असतात. त्या पाळा आणि डोक्यावर थोडी जागा सोडा.

आख्खा रोल कोरा आला!

दोन कारणं. एक, लेन्सचं झाकण काढलंच नव्हतं. खिडकीतून तर सगळं छान दिसत असतं. झाकणाऐवजी यूव्ही फिल्टर लावून टाका (कापडी शटरवाल्यांनी नाही, त्यांनी उन्हात झाकण लावायलाच हवं). दुसरं, फिल्म पुढे सरकलीच नाही. रोल भरल्यावर उलट गुंडाळायची चावी हलकेच ताणून घ्या. पुढचा फोटो ओढताना ती चावी फिरली पाहिजे. फिरत नसेल तर फिल्मचं टोक सुटलंय.

निगेटिव्हच्या कडेला कंपनीचं नाव आणि नंबर उमटले असतील तर धुणाऱ्याची चूक नाही.

कोणता रोल भरू?

रंगीत हवा तर कोडॅक गोल्ड २०० किंवा कलरप्लस २००. कृष्णधवलसाठी इलफर्ड एचपी५ प्लस. चुका पोटात घालणारा रोल आहे. धुणारा फक्त रंगीत करत असेल तर इलफर्डचा एक्सपी२ सुपर घ्या: कृष्णधवल, पण रंगीत रोलच्या रसायनात धुतला जातो.

घरात 'इंदू'चा रोल सापडला तर? उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा तो. ही सरकारी कंपनी १९६० ची, आता बंद. कितीतरी घरांचे मुंजी-बारशांचे फोटो तिच्या मालावर आहेत. चालवून बघा, दर दशकाला साधारण एक पायरी जास्त (म्हणजे दुप्पट) उजेड द्या, आणि ज्या फोटोची खंत वाटेल तो त्यावर काढू नका.

घरी रोल धुता येतो?

कृष्णधवल अगदी सहज. टँक, काळी पिशवी, डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), फिक्सर (ते पक्कं करणारं). एचपी५ ला एकास एक पाणी घातलेल्या डी-७६ डेव्हलपरमध्ये २० अंशांना ११ मिनिटं लागतात. आपली अडचण २० अंशांचीच. एप्रिलमध्ये नळाचं पाणी ३० च्या पुढे असतं. रसायनाची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून २४ अंशांपर्यंत आणा आणि वेळ साधारण ८ मिनिटांवर आणा. ५ मिनिटांच्या खाली जाऊ नका, धुणं ठिकठिकाणी असमान होतं. शेवटचं पाणीही त्याच तापमानाचं असू द्या.

गंमत म्हणजे रंगीत रोलला ३८ अंश लागतात, म्हणजे थंड देशातल्या लोकांना पाणी तापवत बसावं लागतं आणि आपलं अर्धं काम उन्हाळाच करतो. फक्त ते ३८ अंश काटेकोर हवेत; डेव्हलपरमध्ये अवघी सव्वातीन मिनिटं.

पावसाळ्यात काळ्या पिशवीत हात घामेजतात आणि फिल्म रिळावर चिकटते. ओढाताण करू नका. रीळ, फिल्म टँकमध्ये टाका, झाकण लावा, हात पुसा, पंख्याखाली बसा, पुन्हा सुरू करा.

पावसाळ्यात कॅमेरा कसा ठेवायचा?

चामड्याच्या मूळ केसमध्ये अजिबात नाही. चामडं ओल धरतं आणि बुरशीला तेच हवं असतं. हवाबंद डबा, सिलिका जेल, ते रंग बदललं की तव्यावर मंद आचेवर शेकून पुन्हा आत. मुंबई-कोकणात दहा कॅमेरे असतील तर ड्राय कॅबिनेट घ्या आणि आर्द्रता ४५-५० टक्क्यांवर ठेवा. लेन्सला ऊन दाखवा असं जुने लोक सांगतात. कापडी शटरच्या कॅमेऱ्याची लेन्स काढून दाखवा, कॅमेऱ्यासकट नाही.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वापरणं. महिन्यातून एकदा तरी सगळ्या वेगांवर शटर चालवा.

विमानतळावर रोलचं काय?

सामानात कधीच देऊ नका; तिथला एक्स-रे रोल खराब करतो. हातातल्या बॅगेत ठेवा, तेही पारदर्शक पिशवीत, डब्या काढून. जुन्या यंत्रातून ४०० पर्यंतचा रोल एखाद-दोनदा गेला तर चालतं. नवी सीटी यंत्रं मात्र कमी आयएसओच्या रोललाही धूसर करतात. सुरक्षा कर्मचाऱ्याला हाताने तपासायची विनंती करा. रांग लांब नसेल तेव्हा, आणि लवकर पोचलात तर, बहुतेक वेळा ऐकतात.

शेवटी स्कॅन करून मोबाइलवरच बघणार, मग रोल कशाला?

रास्त प्रश्न. स्कॅन हलका झाला तर मोबाइलचा फोटो जास्त चांगला दिसतो, हे मान्य करायला हवं. म्हणून निगेटिव्ह परत मागून घ्या. काही दुकानं स्कॅन पाठवतात आणि निगेटिव्ह टाकून देतात. वर्षाकाठी चार-पाच फोटो तरी कागदावर छापून घ्या.

दुरुस्ती कुणाकडे?

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजाराच्या आसपास अजून हाताने काम करणारे कारागीर सापडतात, पुण्यातही. जाताना 'सर्व्हिसिंग करा' एवढंच सांगू नका. मंद वेग अडखळतात, पॅच वर-खाली आहे, अनंत जुळत नाही, असं कागदावर लिहून द्या. उघडण्याआधी भाव ठरवा. बदललेले सुटे भाग परत मागा. परत घेताना दुकानातच झाकण उघडून १ सेकंदाचं शटर पुन्हा ऐका, आणि रस्त्यावर येऊन लांबच्या इमारतीवर अनंत तपासा. बिघाड राहिला असेल तर तो तिथेच सांगितलेला बरा, महिन्याने रोल धुवून आल्यावर नाही.